खडकाळ किनाऱ्यावरच्या प्राण्यांसाठी चिलर : दोन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

ओहोटीनंतर खडकांमधल्या डबक्यांत उरणारे प्राणी घरी टाकीत पाळायचे ठरवले, की दिवे, पंप आणि गाळण यंत्रणा यांचा विचार बहुतेक जण आधीच करून ठेवतात. पाणी थंड कसे राखायचे, हा प्रश्न मात्र पहिल्या उन्हाळ्यात एखादे समुद्रफूल (दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा प्राणी) आक्रसून दगडावरून सुटले, म्हणजे मगच सुचतो. मलाही तो तसाच सुचला. त्यानंतरचे दोन उन्हाळे मी १५० लिटरच्या टाकीला एक-दशांश अश्वशक्तीचा, कॉम्प्रेसरवर चालणारा चिलर, म्हणजे टाकीतले पाणी आपल्या पोटातून फिरवून गार करणारे यंत्र, जोडून वापरला आहे. टाकीत तीन समुद्रफुले, शंखात राहणारे चार खेकडे, काही कोळंब्या, एक लहान किनारी खेकडा आणि दगडाआड दबा धरून बसणारा बोटभर लांबीचा एक मासा आहे. हे सगळे थंड समुद्राच्या किनाऱ्यावरचे रहिवासी आहेत. अशी यंत्रे अनेक नावांनी विकली जातात आणि त्यांची आतली रचना बहुधा सारखीच असते, त्यामुळे हा अभिप्राय एखाद्या नावाविषयी नसून या प्रकारच्या यंत्राविषयी आहे.

यंत्राकडे वळण्याआधी एका आक्षेपाचा विचार करायला हवा, कारण तो मीही घेतला होता. खडकातल्या डबक्यातले पाणी उन्हात चांगलेच तापते आणि तरीही तिथले प्राणी जगतात, मग टाकीतली उष्णता त्यांना का सोसू नये? फरक आहे तो भरतीचा. डबके काही तास तापते आणि भरती आली की समुद्राचे गार, प्राणवायूने भरलेले पाणी पुन्हा त्यात शिरते. टाकीत तापलेले पाणी रात्रंदिवस तसेच राहते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो : समुद्राच्या नेहमीच्या खारटपणाला १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर २५ अंशांना पावणेसातच्या आसपास. त्याच वेळी थंड रक्ताच्या या प्राण्यांची शरीरक्रिया दर दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो, आणि शिवाय प्राण्यांच्या उत्सर्गातून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचा विषारी अंशही तापमानाबरोबर वाढत जातो.

पाणी गार राखण्याचे काम यंत्र नेमके करते. बाहेर खोली ३० अंशांवर असताना माझी टाकी १८ अंशांवर राहिली आहे आणि दिवस-रात्रीतला फरक एका अंशापलीकडे गेलेला नाही. पण हे यश एकट्या यंत्राचे नाही. टाकीच्या आत बुडवलेल्या पंपाला लागणारी जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन पाण्यातच उतरते. २० वॉटचा पंप दिवसभर चालला, तर त्याची उष्णता बाहेर न गेल्यास १५० लिटर पाणी जवळजवळ तीन अंशांनी तापवू शकेल. मी तसे दोन पंप ठेवले होते. त्यातला एक काढून टाकला, दिवे झाकणापासून वर उचलले आणि टाकी खिडकीपासून दूर हलवली, तेव्हा कॉम्प्रेसर चालू राहण्याचा वेळ डोळ्यांत भरण्याइतका कमी झाला. चिलर विकत घेणाऱ्याने हे आधी करावे. मी ते नंतर केले.

खरेदी करताना माझ्या मते एकच गोष्ट ताडून पाहणे अनिवार्य आहे, ती म्हणजे पाण्याला भिडणारे वेटोळे टायटॅनियमचे आहे का. जुन्या शीतकपाटाचे सुटे भाग वापरून घरी चिलर बनवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु तांब्याची नळी खाऱ्या पाण्यात झिजते आणि पाण्यात उतरलेले थोडेसे तांबेही कोळंबी, खेकडे, गोगलगाई आणि समुद्रफुले यांना घातक ठरते. मासा कदाचित तगेल, बाकीची टाकी रिकामी होईल. अर्धवाहक पट्टीवर चालणारे, कॉम्प्रेसर नसलेले छोटे शीतकही मिळतात. ते शांत असतात, पण एखाद्या बादलीएवढ्या पाण्यापलीकडे त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

आता दोषांकडे. यंत्राच्या पडद्यावर जे तापमान दिसते ते टाकीतल्या पाण्याचे नसून यंत्राच्या पोटातून जाणाऱ्या पाण्याचे असते, आणि हा भेद पुस्तिकेत कुठेही नीट समजावलेला नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात पाणी ओढणाऱ्या पंपाच्या स्पंजावर शेवाळ साचले आणि प्रवाह अगदी मंदावला. पोटातले थोडेसे पाणी झटपट गार होई, यंत्र समाधानाने थांबे आणि पडदा १८ चा आकडा दाखवत राही, तर टाकी मात्र २६ अंशांवर गेलेली होती. दोन दिवस मी पडद्यावर विश्वास ठेवला. एका कोळंबीने त्याची किंमत मोजली. तेव्हापासून टाकीत वेगळा साधा तापमापक आहे, स्पंज दर आठवड्याला पिळून धुतला जातो, आणि पडद्यावरचा आकडा मी केवळ यंत्राचे स्वतःविषयीचे मत म्हणून वाचतो.

दुसरा दोष यंत्राचा म्हणावा की माझा, हे ठरवणे कठीण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या नळ्यांसाठी झाकणाला खाच पाडावी लागते, आणि किनारी खेकड्याला नळी म्हणजे जणू मुद्दाम बांधलेला जिना वाटतो. एका सकाळी तो यंत्राच्या मागे, धुळीच्या जाळीला चिकटलेला सापडला. कल्ले ओलसर राहिल्यामुळे तो वाचला. खाचेभोवती आता स्पंजाची घट्ट पट्टी आहे.

आवाज घरगुती शीतकपाटापेक्षा अधिक आहे; झोपण्याच्या खोलीत मी हे यंत्र ठेवणार नाही. शिवाय पाण्यातून काढलेली उष्णता खोलीतच सोडली जाते, तेव्हा बंद कपाटात कोंडलेला चिलर स्वतःच्याच उष्ण हवेत गुदमरून सतत चालत राहतो. मागची जाळी दर महिन्याला ब्रशाने झाडली नाही, तर हीच गत उघड्या खोलीतही होते. दमट दिवसांत नळ्यांवर आणि काचेवर दव जमून खालची फळी फुगते. नळ्यांवर फोमचे वेष्टण घातल्याने तो त्रास निम्मा झाला, काचेचा मात्र उरला.

स्वस्त पर्याय म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारे छोटे पंखे अवश्य विचारात घ्यावेत. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता निघून जाते, तेवढीने १५० लिटरची टाकी सुमारे चार अंशांनी गार होऊ शकते. कोरड्या हवेत हे गणित चांगले जुळते, दमट हवेत ते फसते. वाफ होऊन गेलेले पाणी गोडे असते आणि मीठ मागे राहते, म्हणून रोज तेवढेच गोडे पाणी घालून विशिष्ट गुरुत्व (ज्यावरून खारटपणा मोजतात) १.०२५ च्या जवळपास राखावे लागते. उष्ण समुद्राच्या किनाऱ्यावरचे प्राणी पाळणाऱ्याला बहुधा एवढेच पुरेल.

यंत्राशिवाय हा छंद अशक्य आहे असे मात्र कोणी समजू नये. स्कॉटिश निसर्ग अभ्यासक सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रफूल काचेच्या बरणीत, एकापाठोपाठ एक पालकांच्या हाती, १८८७ पर्यंत जगले. बरणीतले समुद्राचे पाणी नियमाने बदलले जाई, इतकीच त्याची यंत्रणा होती. अर्थात एडिनबर्गची थंड हवा फुकट मिळत होती, आणि बरणीत प्राणीही जवळजवळ तेवढाच एक होता. मी दुसऱ्या उन्हाळ्याआधी टाकीतले प्राणी निम्म्यावर आणले, ते याच हिशेबाने.

मग गुण किती द्यावेत? थंड किनाऱ्यावरचे प्राणी उबदार घरात ठेवायचे असतील, तर पाचापैकी चार. एक गुण त्या फसव्या पडद्यासाठी कापला आहे. क्षमता निवडताना डब्यावर छापलेल्या लिटरच्या आकड्यावर जाऊ नये, कारण तो सहसा दोन-चार अंशांचा फरक गृहीत धरून छापलेला असतो. आपल्याला दहा-बारा अंश उतरवायचे असतील, तर एक पायरी मोठे यंत्र घ्यावे. तापमान ठरवताना प्राणी जिथून आणला तिथल्या समुद्राचे त्या ऋतूतले तापमान धरावे. थंडी पडल्यावर मी यंत्र बंद करतो, वेटोळ्यातले खारे पाणी पूर्ण काढतो आणि गोड्या पाण्याने ते दोनदा धुतो. पहिल्या वर्षी हे राहून गेले होते, तेव्हा पुन्हा सुरू करताना नळीतून कुजका वास येणारे काळे पाणी थेट टाकीत शिरले होते.