१४४ किलोहर्ट्झवर विविध भारती? मग तो डोंगल घेऊ नका

भारतात लाँगवेव्हवर (मीडियम वेव्हच्या खालच्या पट्ट्यात) रेडिओ प्रक्षेपण होत नाही. तरी ‘१०० किलोहर्ट्झपासून सगळं ऐका’ म्हणत एका ऑनलाइन विक्रेत्याने आम्हाला जो यूएसबी डोंगल (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) गळ्यात मारला, त्याच्या व्हिडिओत १४४ किलोहर्ट्झवर विविध भारती खणखणीत वाजत होती. तिथेच संशय यायला हवा होता. मुंबईची विविध भारती ११८८ किलोहर्ट्झवर, आकाशवाणीची आणखी एक वाहिनी १०४४वर. वजाबाकी करा: १४४. दोन जोरकस मीडियम वेव्ह सिग्नल डोंगलमध्येच मिसळले होते. नीट कान दिला तर गाण्यामागे ती दुसरी वाहिनीही ऐकू येत होती.

डोंगलमधला आर८२०टी२ ट्यूनर साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही. म्हणून त्याखालचं ऐकायला ट्यूनर टाळून अँटेना थेट आरटीएल२८३२यू चिपच्या ४ आणि ५ नंबरच्या पिनांकडे नेतात. त्यात गैर काही नाही, पण मधे लो-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेवरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) आणि छोटा ट्रान्सफॉर्मर हवाच. भिंगाखाली पाहिलं तर इथे नुसता एक कपॅसिटर! चिप सेकंदाला २.८८ कोटी नमुने घेते, तेही ८ बिटचे. फिल्टर नसेल तर १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचं दुमडून खाली येतं: २८.६ मेगाहर्ट्झचा सिग्नल २०० किलोहर्ट्झवर दिसतो.

डबा उघडला म्हणून माल परत घेतला नाही. तेव्हा आधी न उघडता तपासा. अँटेनाच्या वाटेत १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा जोड) लावा. खरा सिग्नल १० डीबीच उतरेल, दोन सिग्नल मिसळून झालेलं भूत २० डीबी.

जुन्या हॅम (हौशी रेडिओ) सेटचंही तेच. डिस्प्ले ३० किलोहर्ट्झपर्यंत जातो, पण मॅन्युअलमधला सेन्सिटिव्हिटीचा (किती क्षीण सिग्नल पकडतो याचा) तक्ता कित्येकदा ०.५ मेगाहर्ट्झलाच थांबतो. विकत घेण्याआधी तो तक्ता मागा.

डोंगलच वापरायचा तर १२५ मेगाहर्ट्झचा अपकन्व्हर्टर (सिग्नल तेवढा वर सरकवणारा डबा) घ्या, त्याच्याआधी ५०० किलोहर्ट्झचा लो-पास फिल्टर लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये वजा १२५चा ऑफसेट द्या. मात्र फार खाली गेलात की अपकन्व्हर्टरच्याच १२५ मेगाहर्ट्झ ऑसिलेटरची गळती सिग्नलला खेटून बसते.

तमिळनाडूतल्या विजयनारायणम इथल्या नौदल केंद्राचा १८.२ किलोहर्ट्झ ऐकायचा असेल, तर यातलं काहीच लागत नाही. मीटरभर चौकटीवर तारेचे ४० वेढे घ्या, टोकं साउंड कार्डाच्या माइकला जोडा, सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ ठेवा. चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि चौकट सावकाश फिरवा. तिची सपाट बाजू केंद्राकडे आली की पडद्यावरची १८.२ची रेघ मंदावली पाहिजे.