'ट्वायलाइट' की 'न्यू मून'?
स्टेफनी मेयरच्या व्हॅम्पायर-प्रेमकथेच्या मालिकेतली ही पहिली दोन पुस्तकं. लातूरच्या ट्यूशनवाल्या पोरींत यावरून सरळ दोन तट. 'ट्वायलाइट' (2005) वाल्या म्हणतात, व्हॅम्पायर नायक एडवर्ड पानोपानी आहे, अजून काय पाहिजे? 'न्यू मून' (2006) मध्ये तो सुरुवातीलाच नायिकेला, बेलाला, सोडून जातो, भेटतो थेट इटलीतल्या व्होल्तेरात. मधे नुसतं रडगाणं.

मला मात्र हे दुसरं पुस्तकच भावलं. तो गेल्यावर ऑक्टोबर ते जानेवारी, एकेका पानावर फक्त महिन्याचं नाव, बाकी कोरं. इतक्या कमी शब्दांत दुःख दाखवायला हिंमत लागते. शिवाय बेलाचा मित्र जेकब! भंगारातल्या मोटरसायकली दुरुस्त करणारा, तिला हसवणारा. (पुढं लांडगा होतो, त्याला काय होतंय!) पहिल्यात प्रेम झटपट जुळतं, इथं मैत्री हळूहळू मुरते. व्होल्तेरा तेवढं घाईत उरकलंय.