जुळे सोलापुरातला फ्लॅट की हद्दवाढ भागातला प्लॉट?

सोलापुरात तीस-पस्तीस लाख रुपये हाताशी आले की घरातले वडीलधारे "प्लॉट घेऊन टाक" म्हणतात, आणि पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फ्लॅटचे भाडे मोजू लागतो. एकाला जमीन राखायची असते, दुसऱ्याला दरमहा काही हातात यायला हवे असते. माझ्या मते मात्र हा निर्णय घेतल्यानंतर त्या मालमत्तेकडे लक्ष कोण देणार, यावरच खरा ठरतो.

आधी फ्लॅटचा हिशोब पाहू. समजा, जुळे सोलापूर या उपनगरात ३५ लाखांना टू बीएचके घेतला आणि ९,००० रुपये भाडे ठरले. वर्षाचे १,०८,००० रुपये झाले. भाडेकरू बदलताना घर दोन महिने रिकामे राहिले तर त्यातले १८,००० गेले. सोसायटीची देखभाल आणि मालमत्ता कर मिळून २०,००० धरले, तर ७०,००० उरतात, म्हणजे गुंतवणुकीच्या बरोबर दोन टक्के. रंगकाम यात धरलेले नाही. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपण पाहत असलेल्या इमारतीचे आकडे घालून हाच हिशोब करावा. यातले २५ लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर हप्ता सुमारे २१,७०० रुपये बसतो आणि भाड्यातून त्याचा निम्मा भागही निघत नाही. प्राप्तिकरात भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा होते, परंतु नव्या करप्रणालीत त्यातून दिसणारा तोटा पगारातून वळता करता येत नाही, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

प्लॉटला भाडे नाही आणि भाडेकरूची कटकटही नाही. मिळकत सगळी विक्रीच्या दिवशी. "दहा वर्षांत दुप्पट झाला" हे वाक्य चहाच्या टपरीवर भारदस्त वाटते, पण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ७.२ टक्के, आणि तेही मुद्रांक शुल्क, नोंदणी, कुंपण व विक्रीवरचा कर बाजूला ठेवून. २३ जुलै २०२४ नंतर घेतलेली मालमत्ता दोन वर्षांहून अधिक काळ ठेवून विकली, तर नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो आणि महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सवलत मिळत नाही. हा नियम फ्लॅटलाही तितकाच लागू आहे. प्लॉटसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर, तेथे घर बांधून होईपर्यंत, घरकर्जासारखी वजावट नाही.

खरेदीच्या वेळी फरक पडतो तो जीएसटीचा. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर तो ५ टक्के, आणि किंमत ४५ लाखांपर्यंत व चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का; पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर आणि प्लॉटवर काहीच नाही. नोंदणी शुल्क दोन्हींना १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो.

कागदपत्रांत मात्र दोन्हींची वाट वेगळी आहे. शेळगी, बाळे, देगाव, सोरेगाव ही गावे १९९२ च्या हद्दवाढीत महापालिकेत आली, आणि त्या पट्ट्यात मंजूर ले-आऊटमधला बिनशेती प्लॉट आणि गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे ले-आऊट मंजूर न करता पाडलेल्या तुकड्यांतला, प्लॉट एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना भेटतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि गुंठेवारीचा भाव ऐकून मोह होतोच. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना लागू झाला; पण कायदा आहे म्हणजे आपला प्लॉट नियमित झाला असे नव्हे. तसा दाखला पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल किंवा "इतर हक्क" या रकान्यात बोजा वा कुळाची नोंद असेल, तर वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घेतल्याखेरीज पुढे सरकू नये.

फ्लॅटच्या बाबतीत महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक पाहावा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठांपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीचे बंधन नाही, आणि सोलापुरातली पुष्कळशी लहान अपार्टमेंट त्या मर्यादेत बसतात. तिथे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला हरकत नसल्याचा महापालिकेचा दाखला, स्वतः मागून घ्यावे लागते. नोंदणीकृत प्रकल्पात, करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

आणि पाणी. सोलापूरला उजनीचे पाणी रोज मिळत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे इथला भाडेकरू बाल्कनीतून काय दिसते हे विचारण्याआधी खालची टाकी किती लिटरची आहे हे विचारतो. फ्लॅट पाहायला गेल्यावर हौदाचे झाकण उचलून आत डोकवावे, बोअरला मार्च-एप्रिलमध्ये पाणी असते का हे तळमजल्यावरच्या काकूंना विचारावे, आणि टँकरचे पैसे सोसायटी भरते की ज्याचे त्याने भरायचे, हे जाणून घ्यावे. मेडिकल कॉलेजच्या परिसरातले विद्यार्थी असोत की बदलीवर आलेले बँक कर्मचारी, पाण्याची सोय नसलेले घर ते सहा महिन्यांत सोडतात, आणि वर धरलेले दोन रिकामे महिने चार होतात.

प्लॉटची देखभाल नसते, हा समज मी स्वतःच्या खर्चाने सोडला. चार वर्षांनी माझ्या प्लॉटवर गेलो तेव्हा वेडी बाभूळ डोक्याच्या वर गेली होती, पिवळा रंग दिलेल्या हद्दीच्या चार दगडांपैकी दोन गायब होते आणि शेजारच्या बांधकामाची खडी माझ्या जागेत पडलेली होती. भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरले, तारखेला रजा काढून हजर राहिलो, मग तारेचे कुंपण घातले.

म्हणून जो सोलापुरात राहतो, ज्याला दहा वर्षे त्या पैशांची गरज नाही आणि जो महिन्यातून एकदा दुचाकीवरून चक्कर मारील, त्याने मंजूर ले-आऊटमधला प्लॉट घ्यावा, असे मी सांगेन. बाहेरगावी राहणाऱ्याने, पाण्याची सोय पक्की असलेला तयार फ्लॅट घेऊन नोंदणीकृत भाडेकरारावर द्यावा. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. पेठेतला जुना वाडा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये, कारण आतल्या जुन्या भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असते.

मधेच पैसे लागले तर काय, हा विचारही आधी करावा. मुलीच्या प्रवेशासाठी पाच लाख हवे असले तरी प्लॉटचा कोपरा विकता येत नाही, आणि घाईने विकणाऱ्याला गिऱ्हाईक लगेच ओळखते. त्यामुळे हाताशी ३५ लाख असतील, तर २५ लाखांचाच प्लॉट पाहावा आणि उरलेले दहा बँकेत मुदत ठेवीत राहू द्यावेत.