स्विच माझा, खातं त्याचं

नारायण पेठेत माझी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची साठ मुलं बसतात, बहुतेक बाहेरगावची. ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये त्यांची आधार कार्डं आणि फीचा हिशोब, म्हणून मुलांचं नेट त्यापासून वेगळं हवं होतं. त्यासाठी व्हीलॅन लागतं, म्हणजे एकाच नेटवर्कचे एकमेकांपासून वेगळे भाग. आणि व्हीलॅनसाठी मॅनेज्ड स्विच, म्हणजे नेटच्या केबली जोडायची अशी पेटी, जिची सेटिंग आपल्याला बदलता येते.

नेटवर्कचं काम करणारा एक जण ओळखीतून आला. म्हणाला, "काका, कन्सोल केबल, कमांड हे जुनं झालं. क्लाउडवाला घ्या, मोबाईलवर सगळं दिसेल." कन्सोल केबल म्हणजे लॅपटॉप थेट स्विचला जोडायची तार; क्लाउडवाला म्हणजे ज्याची सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवरच्या खात्यातून होते. ते खातं त्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलं. मला फक्त बघण्यापुरता प्रवेश. मी विचारलंसुद्धा नाही.

आठ महिन्यांनी त्याने देखभालीच्या कराराचे १८,००० रुपये मागितले. मी नाही म्हटलं. पुढच्याच आठवड्यात माझ्या मोबाईलवरचं ॲप रिकामं झालं आणि सकाळी साडेसातला स्विचचे चोवीसच्या चोवीस पोर्ट, म्हणजे केबल जोडायच्या जागा, बंद. मुख्य परीक्षा तोंडावर, मुलं दारात उभी. फोन केला तर म्हणतो, "करार करा, पाच मिनिटांत चालू करतो."

भाचा लॅपटॉप घेऊन आला. टाचणी घालून रीसेटचं बटण दाबून धरलं. दिवे लुकलुकले, आम्हाला हायसं वाटलं. पण नेट मिळताच स्विचने त्याच्याच खात्यातली सेटिंग पुन्हा उतरवून घेतली आणि पोर्ट परत बंद! "मामा, सिरीयल नंबर कंपनीच्या सर्व्हरवर त्याच्या नावाने आहे. याला कन्सोल पोर्टही नाही," भाचा म्हणाला. कंपनीने मालकी बदलायला सिरीयल नंबर असलेलं बिल मागितलं. माझ्या बिलावर त्याने हाताने लिहिलेलं: 'नेटवर्क मटेरियल, १ नग'.

या बिलाचा मला अजून राग येतो. ते तसं लिहिणं चुकून झालेलं नव्हतं.

क्लाउड वाईट नाही. दहा शाखा असतील तर सोयीचाच आहे. पण खातं तुमच्या ईमेलवर हवं आणि तंत्रज्ञाला तुम्ही प्रवेश द्यायचा, त्याने तुम्हाला नाही. एका जागेचं काम असेल तर कन्सोल पोर्ट आणि एसएसएच (नेटवर्कवरून सुरक्षितपणे स्विचमध्ये शिरायची सोय) असलेला स्विच मागा. कन्सोलला नेटही लागत नाही. केबल जोडायची, लॅपटॉपवर जोडणीचा वेग ठेवायचा (बऱ्याच स्विचना ९६००), की स्विच समोर. कुणी टेलनेट (एसएसएचसारखीच, पण जुनी सोय) चालू ठेवत असेल तर बंद करायला लावा, त्यात पासवर्ड उघडाच जातो. आणि सिरीयल नंबर बिलावर लिहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्याच्याविरुद्ध मी पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ चा उल्लेख वकिलांनी त्यात घातला. नवा स्विच मी तपकीर गल्लीतून स्वतः जाऊन आणला. दुकानदाराने खोक्यावरचा नंबर बिलावर उतरवला, तो मी अक्षरन् अक्षर ताडून घेतला. पासवर्ड मी टाकला. कन्सोलची निळी केबल फीच्या रजिस्टरशेजारी, कुलपात आहे.