‘मित्राची गाडी’ मला १०,६०० रुपयांना पडली

गोव्यात पांढऱ्या नंबरपाटीची, म्हणजे खाजगी, स्कूटर भाड्याने घेऊ नका. हे मला माहीत होतं. ही माझी पाचवी खेप. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरं पिवळी, हे ऑफिसातल्या पोरांना मीच सांगत आलोय. तरी घेतली. त्यामुळे ‘एवढं कसं कळलं नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा दम धरा, ते मी स्वतःला म्हणून झालंय.

पहाटे चारला पुणं सोडलं. निपाणी, आजरा, मग आंबोलीच्या घाटात धुकं. बांदा येईपर्यंत पाठीचा पार खुळखुळा झाला होता. पत्रादेवी ओलांडून म्हापशावरून किनाऱ्याकडे पोचलो, तर हॉटेलचं पार्किंग म्हणजे एकामागे एक चार गाड्या. माझी मधे अडकलेली. ती काढायची तर दोन खोल्यांची दारं वाजवायची. पुढे गल्ल्या अशा की समोरून टेम्पो आला की आरसा मिटायचा. आम्ही चौघं, मी, बायको आणि दोन पोरं. दोन स्कूटर घ्यायच्या ठरल्या.

काळ्या पाटीच्या स्कूटरचा भाव दिवसाला ५०० होता. कोपऱ्यावरच्या पोराने ३५० सांगितला. बोलणं गोड, दादा-वहिनी करणारं. दोन गाड्या, तीन दिवस, २,१०० भाडं आणि प्रत्येकी २,५०० डिपॉझिट. वाचले किती? ९००. डिपॉझिट यूपीआयने भरताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. ‘वहिनीचं खातं आहे,’ म्हणाला. ठीक आहे, असते एखाद्याची वहिनी. माझं मूळ आधार कार्डही ठेवून घेतलं. मूळ कार्ड कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या, नाही चाललं तर पुढचं दुकान बघा.

आणि मग किल्ली हातात देताना तो म्हणाला, ‘पोलिसांनी अडवलं तर सांगा, मित्राची गाडी आहे.’ आरसी ज्याच्या नावावर होती त्याचं नावही सांगितलं.

इथे मला किल्ली परत द्यायला हवी होती. सरळ धंदा करणारा माणूस गिऱ्हाइकाला खोटं बोलायला कशाला शिकवेल? पण मी काय केलं? ते नाव पाठ केलं. बायकोलाही पाठ करायला लावलं. पोरं मागे उभी राहून ऐकत होती. पैसे गेल्यापेक्षा हे जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर खरंच अडवलं. ‘भाड्याची काय?’ मी बेधडक, ‘नाही हो, मित्राची.’ सोडलं. आपण फार हुशार, असं वाटत परत आलो.

शनिवारी गाड्या परत द्यायला गेलो. माझ्याकडे व्हिडिओ होता, चारी बाजूंनी काढलेला, एवढा काही मी भोळा नाही. पोराने पुढच्या पॅनेलवरचा स्टिकर नखाने उचकटला. खाली चीर! स्टिकरखालचा व्हिडिओ कोण काढतो? (आता तुम्ही काढा. फूटबोर्डच्या खालूनही काढा.) हिशेब तोंडपाठ होता त्याचा: पॅनेल ४,२००, आरसा ६५०, फूटबोर्ड १,९००, गाडी पाच दिवस गॅरेजला राहणार त्याचं भाडं १,७५०. एकूण ८,५००. डिपॉझिटचे ५,००० गेलेच, वर ३,५०० मागितले. आधार त्याच्या खिशात, मागे आणखी तिघं येऊन उभे. दिले.

पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर. मग साहेबांनी विचारलं, ‘पांढरी पाटी बघूनच घेतलीत ना?’ हो. ‘अडवल्यावर काय सांगितलंत?’ मी सांगितलं. शेजारचा हवालदार हसला. ‘मग मित्राकडूनच घ्या की पैसे.’ पुढे म्हणे हे दिवाणी प्रकरण आहे, बेकायदा भाड्याचं आरटीओ बघतं. आरटीओ शनिवारी बंद. सोमवारी मी पुण्यात. फोन केला तर म्हणाले, लेखी तक्रार द्या आणि भाड्याची पावती जोडा. पावती! तो पोरगा पावती देत असता तर मी फोन कशाला केला असता? पुण्यातल्या ठाण्यात गेलो, तिथे ‘आमची हद्द नाही’. हद्द कुठलीही असो, फिर्याद नोंदवून पुढे पाठवता येते, झिरो एफआयआर म्हणतात, नव्या फौजदारी कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये लिहिलंय. हे मी बोलून दाखवलं. तर मला उलट प्रश्न, ‘वकील आहात का?’ एक माणूस भर रस्त्यावर रोज हा धंदा करतो, ती पाटी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते, फक्त यांना दिसत नाही. आणि माझ्यासारख्याकडून मात्र पावती हवी.

एक गोष्ट मला घरी आल्यावर सुचली आणि घाम फुटला. खाजगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला असता तर विमा कंपनीने बहुधा हात वर केले असते. पोरं मागे बसली होती.

थोडंसंच जायचं असेल तर पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सी, करा. कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस आहे. स्कूटरच हवी तर काळी पाटी, पाचशे द्या, घासाघीस करू नका.

बायको अजून अधूनमधून विचारते, ‘गोव्यातला मित्र काय म्हणतोय?’