‘सोप्या मराठीतलं पुस्तक द्या’ असं मी आता म्हणत नाही: इंदूरच्या घरातले नऊ महिने

गेल्या ज्येष्ठात सुरुवात केली, आता माघ संपत आला. रोज रात्री जेवणं उरकली की अर्धा तास मराठी पुस्तक मोठ्यानं वाचायचं. वाचणारी मी. ऐकायला सासूबाई आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. परीक्षा, लग्नं आणि दिवाळीची साफसफाई वगळता खंड पडला नाही. कादंबरी, आत्मचरित्र, विज्ञानकथा, विनोद, कविता, प्रवासवर्णन असं सगळं थोडं थोडं झालं. कुणाला कुठलं पुस्तक द्यावं याबद्दलचं माझं मत या काळात पार उलटं झालं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी आमची परिस्थिती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सासूबाईंचं माहेर सांगलीकडचं, पण मी आणि मुलगा इथलेच. शाळेत मराठी कधी नव्हती. देवनागरी येते म्हणून वाचता येतं, घरात बोलतो म्हणून समजतं. बोलतो ती इंदुरी: ‘काय करून राहिला आहेस’, ‘सब्जी आणली का’, ‘गाडी सडकेवर नको लावू’. पुण्याच्या जाऊबाई ऐकून हसतात आणि मग मनापासून सल्ला देतात, “अगं, त्याला आधी सोपं काहीतरी दे. घरगुती मराठीतलं, हलकंफुलकं.”

तो सल्ला आम्ही पहिले दोन महिने पाळला आणि चांगलेच अडकलो.

हलकंफुलकं म्हणून चिं. वि. जोशींचं ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ काढलं. १९३२ चं पुस्तक, चिमणराव आणि गुंड्याभाऊ. सासूबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. मुलगा माझ्याकडे बघत होता. विनोद समजावून सांगायला लागलं की तो संपतो, आणि इथे तर आधी शब्द, मग म्हण, मग त्या काळातला मध्यमवर्गी मोठेपणा, असं तीनदा समजावून सांगायचं. चौथ्या रात्री तो फोन घेऊन बसला. पुस्तकाचा काही दोष नाही. पण जो मराठी घरातल्या मराठीशिवाय कुठे ऐकतच नाही, त्याला पहिलं पुस्तक म्हणून विनोद देऊ नका. ती शेवटची पायरी आहे.

नंतर जे घडलं ते योगायोगानं. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ मी माझ्यासाठी आणलं होतं. १९६७ चं, साहित्य अकादमी मिळालेलं, महाभारतातल्या माणसांवरचे लेख. मला वाटलं, हे काही त्याच्या पचनी पडायचं नाही. तर रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाता खाता त्यानं उचललं आणि गांधारीवरचा लेख एका बैठकीत वाचला. मी हातात पेन्सिल देऊन बसवलं: अडेल त्या शब्दाखाली रेघ मार. आख्ख्या लेखात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रेघा. चिमणरावाच्या एकेका पानावर त्याहून जास्त निघाल्या असत्या.

कारण साधं आहे, पण माझ्या डोक्यात पूर्वी कधी आलं नव्हतं. बारा वर्षं हिंदी शिकलेल्या मुलाला संस्कृतातून आलेले शब्द आपलेच वाटतात. वंश, प्रतिज्ञा, अन्याय, पराक्रम यांच्यावर तो अडत नाही. तो अडतो माजघरावर, फडताळावर, कणगीवर, उंबऱ्यावर, परसात. ज्याला पुण्याचा माणूस ‘सोपी, घरगुती मराठी’ म्हणतो ती घराचीच मराठी असते, आणि तसलं घर याने पाहिलेलं नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला परस कुठून असणार! उलट ज्या पुस्तकाला सगळे ‘जड’ म्हणतात त्याचा निम्मा रस्ता हिंदीनं आधीच बांधून ठेवलेला असतो.

मग मुद्दाम विज्ञानकथा घेतल्या. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा १९७९ चा संग्रह. गुरुत्वाकर्षण, प्रकाशवर्ष, प्रयोगशाळा हे शब्द दोन्ही भाषांत तेच. हा संग्रह मी मोठ्यानं वाचलाच नाही, त्यानं आपला आपण संपवला. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये स्पर्धेला पाठवताना स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं होतं, हे सांगितल्यावर तर त्याला त्या माणसाबद्दल विशेषच प्रेम वाटायला लागलं. कथा म्हणून पाहिलं तर पात्रं जरा सरळसोट आहेत, असं माझं मत. पण मराठीत पहिल्यांदा आपणहून पुस्तक पुरं करण्याचा आनंद याच संग्रहानं दिला, तेव्हा तक्रार नाही.

या वाटेवर एक खड्डा मात्र आहे. सारखे दिसणारे शब्द दगा देतात. ‘शिक्षा’ म्हटलं की त्याला शिक्षण आठवतं, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. पुण्याच्या भावानं फोनवर “संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर असतो” म्हटलं तेव्हा हा घाबराच झाला, कारण इकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल.

आणि ‘संसार’. हिंदीत तो जगाएवढा, आपल्याकडे चार भांड्यांचा. हा फरक त्याला नीट कळला तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. मूळ पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालं. लक्ष्मीबाईंचं रीतसर शिक्षण जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे सगळं समोर बसून सांगितल्यासारखं. आता माझ्याच नियमाप्रमाणे हे पुस्तक आम्हाला कठीण जायला हवं होतं: सोवळंओवळं, चूल, नातीगोती, ठासून भरलेलं घर. डोळ्यांनी वाचताना गेलंही. मुलानं दहा पानं वाचून खाली ठेवलं. तेच मी मोठ्यानं वाचायला घेतलं आणि तो पुढे सरकून बसला.

कानाला जे समजतं ते डोळ्याला समजत नाही, असं काहीतरी आहे यात. आपली मराठी कानावाटे आलेली. आजी ज्या लयीत रागावते त्या लयीतलं वाक्य ऐकू आलं की मधले दोन शब्द निसटले तरी अर्थ पोचतो. नवरा हातातले पैसे भलतीकडे घालवून येतो आणि लक्ष्मीबाईंचा संताप आणि हसू एकाच वाक्यात येतं, तिथे त्याला एकदाही थांबून विचारावं लागलं नाही. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. तो भाग आम्ही दोन आठवडे वाचत होतो. सासूबाई मधेच म्हणाल्या, “हिनं रडून लिहिलं असतं तर आपण रडलो नसतो.” माझ्या नऊ महिन्यांतलं सगळ्यात चांगलं पुस्तक हेच. फक्त संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. कात्री नेमकी गप्पांवर चालते आणि गप्पा हेच तर पुस्तक.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’लाही (१९५५) हेच लागू. पातळ पुस्तक, एका तरुण मास्तराची धनगरांच्या वाडीवर नेमणूक होते एवढी गोष्ट. बोली माणदेशी. छापील पानावर ती परकी दिसते, आजीच्या तोंडून वाचून घेतली की घरची होते. इथे वाचन सासूबाईंनी केलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, आणि कारभारीचं बोलणं असं काही वाचलं की मी चहा ठेवायला उठायची विसरले. मुलाला दुसराच धागा सापडला. “आजी, होळकर पण धनगरच ना?” रोज राजवाड्यावरून जाणाऱ्याला मेंढरांमागचं ते दुष्काळी गाव अचानक आपल्या शहराच्या मुळाशी दिसलं. शेवट वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही.

बहिणाबाईंच्या गाण्यांबद्दल फार सांगत नाही. ती वाचायची नसतात, म्हणायची असतात. खरगोनकडचा मुलाचा मित्र जेवायला आला होता, मराठी त्याला येत नाही, तरी अर्धंअधिक समजलं म्हणाला. खानदेश आणि निमाड शेजारी आहेत ते असे.

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) हे दलित आत्मकथन मी मोठ्यानं वाचलं नाही. पाच-सहा पानं वाचली आणि माझाच आवाज खोटा वाटायला लागला. ते मी एकटीनं वाचलं, मग मुलानं एकट्यानं. गाव आणि मुंबईतली कावाखान्याची वस्ती यांमधलं ते जगणं समजायला शब्दांची अडचण आली नाही, आली ती दुसरीच. आमच्या घरात काही भांडी पूर्वी वेगळी का ठेवली जात, हे त्यानं सासूबाईंना विचारलं. त्या रात्री वाचन झालं नाही. हे पुस्तक भेट म्हणून देऊ नका, घरात ठेवा. ज्याला लागेल तो उचलेल.

आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं ते: विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. इंदूरच्या मराठी माणसानं हे वाचलं नसेल तर पहिलं हेच वाचावं. कर्जात बुडालेला वरसईचा भिक्षुक ब्राह्मण, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघतो, आणि नेमका १८५७ च्या धामधुमीत सापडतो. महूच्या वाटेवर त्याला शिपाई भेटतात आणि बंडाची खबर देतात. महू! आमच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटर. पुढे झाशीच्या वेढ्यात हा माणूस आत होता, आणि लुटला जाऊनही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतला. इतिहासाच्या पुस्तकात सेनापती कुठे होते ते असतं. इथे त्या रात्री जेवायला काय मिळालं आणि लपायला जागा कुठे होती ते आहे.

भाषा जुनी, वाक्यं लांबलचक. पहिली वीस पानं चिकाटी लागते. विकत घेताना एवढं पाहा: १९०७ ची पहिली आवृत्ती चिंतामण विनायक वैद्यांनी हात फिरवून काढली होती, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये केलेली संहिता वेगळी. नवख्यानं वैद्यांची घ्यावी, ती घोटीव आहे. गोडसे भटजींचा खरा आवाज हवा असेल तर दुसरी. मी आधी एक आणि मग दुसरी वाचली, आणि दुसरीत तो जास्त भित्रा, जास्त हिशेबी आणि जास्त आवडता वाटला.

पुस्तकं मिळवण्याबद्दल थोडं. १९१७, १९३५ आणि २००१, अशी तीन साहित्य संमेलनं ज्या गावात झाली तिथे माझ्या रोजच्या वाटेवर मराठी पुस्तकांचं एकही दुकान नाही. निम्मी पुस्तकं वाचनालयातली, उरलेली पुण्याहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगेतून. एकदा ऑनलाइन मागवली, तर पावसाळ्यात पार्सल भिजून आलं आणि परत घ्यायला कुणी फोन उचलेना. एका प्रतीची शिलाई दुसऱ्याच महिन्यात सुटली. मोठ्यानं वाचताना पुस्तक पूर्ण उघडावं लागतं, तेव्हा विकत घेताना बांधणी मधोमध उघडून बघा. आणि घरात वयस्कर वाचक असेल तर टाईप. जुन्या प्रतींचा टाईप सासूबाईंना झेपत नाही, म्हणून दोन चांगली पुस्तकं तशीच परत केली.

राहता राहिलं दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६). चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्यावर एक लेख. आम्ही मधेच ज्येष्ठापासून धरलं आणि महिना लागला की त्याचा लेख असं चाललं आहे. मुलाला हे फारसं रुचत नाही, गोष्ट नाही म्हणतो. मी मात्र त्यातलं झाड घेऊन बाहेर शोधते. काही सापडतात, काही आमच्या काळ्या मातीत नाहीतच. आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडूचे कंद तळायला लागले की आमचा हिवाळा सुरू होतो, तो कुठल्याच मराठी पुस्तकात नाही.

शिवाय महिन्यांचा घोळ आहेच. आमचं पंचांग अमान्त, म्हणजे महिना अमावस्येला संपतो; शेजारच्यांचं पौर्णिमान्त, त्यांचा पौर्णिमेला. त्यांचा सावन आमच्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, एकच, ती आमच्या फाल्गुनात आणि त्यांच्या चैत्रात निघते. परवा जिन्यात शेजारच्या भाभी म्हणाल्या, फागुन लग गया. मी वर येऊन पुस्तक काढलं, खूण माघावरच होती. तशीच ठेवून दिली.