नवोदयच्या भाषा चाचणीसाठी रविवारचा उतारावाचन वर्ग : एका आईचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील आमच्या गावापासून सात किलोमीटरवरच्या एका मोठ्या गावात, समाजमंदिराच्या सभागृहात, दर रविवारी सकाळी नऊ ते साडेबारा या वेळेत पाचवीच्या मुलांसाठी जवाहर नवोदय विद्यालयाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, निवड चाचणीचा वर्ग चालतो. गेल्या जुलैच्या शेवटच्या रविवारपासून डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत माझी मुलगी तिथे गेली. परतीची एसटी एक वाजता असल्यामुळे मीही बहुतेक रविवारी बाहेरच्या ओसरीत बसून राहिले आणि उघड्या दारातून वर्ग कसा चालतो ते पाहत राहिले. पूर्ण काळाचे शुल्क झेरॉक्सच्या खर्चासह १,८०० रुपये होते. परीक्षा १३ डिसेंबर २०२५ रोजी झाली असून हे लिहीत असताना निकाल लागलेला नाही. निकालाच्या आधी लिहिण्याचे मी मुद्दाम ठरवले, कारण नाव यादीत आले तर वर्गातले सगळेच चांगले वाटू लागते आणि नाही आले तर सगळेच वाईट.

हा वर्ग तिन्ही विषयांचा आहे, परंतु मी येथे त्यातील भाषेच्या तासाबद्दलच लिहिणार आहे. दोन तासांच्या या परीक्षेत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यांपैकी मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे, ४० प्रश्न ५० गुणांसाठी, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांसाठी आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांसाठी असतात. भाषेच्या भागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न, एवढेच असते. आमच्याकडे पालक आकृत्या आणि गणिते यांच्यामागे लागतात. ‘भाषा तर आपलीच, तिचा काय अभ्यास करायचा’ असे मीसुद्धा म्हणत होते. नवोदयचे विद्यार्थी घडवण्यात विदर्भाचा वाटा पहिल्यापासून आहे. १९८५-८६ मध्ये प्रयोगादाखल सुरू झालेल्या दोन विद्यालयांपैकी एक हरियाणातील झज्जरचे आणि दुसरे आपल्या अमरावतीचे होते, आणि आमच्या जिल्ह्याचे विद्यालय तर आमच्याच तालुक्यात बेलोऱ्याला आहे. एका विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८० मुले घेतात, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. अशा ठिकाणी २५ गुणांचा भाग घरच्या भरवशावर सोडणे किती चुकीचे होते, हे मला पहिल्याच रविवारी कळले.

त्या दिवशी सरांनी काहीही न शिकवता एक उतारा आणि त्यावरचे पाच प्रश्न वाटले व घड्याळ लावले. माझ्या मुलीला अकरा मिनिटे लागली. भाषेच्या भागासाठी साधारण अर्धा तास धरलेला असतो, म्हणजे एका उताऱ्याला साडेसात मिनिटांहून अधिक मिळत नाहीत. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, “आई, मले टाइम नाही पुरला, पण मले समजलं होतं सारं.” तिचे म्हणणे खरेही होते. शाळेत वाचन म्हणजे उभे राहून मोठ्याने वाचणे, किंवा बाईंच्या मागे सर्वांनी एका सुरात म्हणणे. त्यामुळे बहुतेक मुले मनात वाचतानाही प्रत्येक शब्द ओठांनी उच्चारत होती. जिभेच्या वेगाने वाचणाऱ्या मुलाला वेळ पुरणार नाही, हे सरांनी ओळखले आणि पहिले तीन रविवार केवळ मूकवाचनावर खर्च केले. ओठांवर बोट ठेवून वाचायचे आणि वाचून झालेल्या ओळीवर जाड कागदाची पट्टी सरकवत न्यायची, म्हणजे डोळा मागे फिरत नाही. ही पट्टी केवळ सवय लावण्यासाठी होती आणि सप्टेंबरमध्ये ती काढून घेतली गेली. एवढ्या साध्या उपायाने माझ्या मुलीचा वेळ आठ मिनिटांवर आला. या तीन रविवारांसाठीच मी या वर्गाला सर्वाधिक गुण देईन.

त्यानंतरचे काम अधिक कठीण होते. घाईत मुले नेमकी कुठे चुकतात, ते शोधून तेवढ्याच जागी त्यांना थांबायला शिकवायचे होते. सर एका उताऱ्याला सात मिनिटे देत. चार उताऱ्यांची अठ्ठावीस मिनिटे झाली की उरलेली दोन मिनिटे उत्तरपत्रिकेतील गोल तपासण्यासाठी. परंतु त्या सात मिनिटांत सर्वत्र सारखेच पळायचे नाही, हा त्यांचा आग्रह होता. ‘उताऱ्यानुसार पुढीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?’ या प्रश्नात मुले ‘बरोबर’ या शब्दाशीच थांबत आणि पहिले खरे विधान दिसताच गोल काळा करत. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि घाईतला डोळा शेवटापर्यंत पोहोचण्याआधीच उत्तराकडे वळतो. म्हणून उतारा भरभर वाचला तरी चालेल, पण प्रश्नाचा शेवटचा शब्द सावकाश वाचायचा, असे त्यांनी मुलांच्या अंगवळणी पाडले. उताऱ्यातही ‘मात्र’, ‘परंतु’, ‘तरीही’ आणि ‘म्हणून’ या शब्दांना सराव पत्रिकेवर पेन्सिलीने गोल करायला लावले, कारण लेखकाचे म्हणणे तिथेच वळते आणि अनुमानाचा प्रश्न बहुतेकदा त्याच वळणावर विचारला जातो.

आमच्या मुलांची दुसरी अडचण मला स्वतःला कधी सुचली नसती. पळसावरचा एक उतारा होता. त्यात फुलांतील मध पिण्यासाठी पक्षी येतात आणि त्यांच्यामुळे परागीभवन होते, एवढेच सांगितले होते. प्रश्न होता, ‘उताऱ्यानुसार पळसाच्या फुलांचा उपयोग कोणाला होतो?’ वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी ‘रंग तयार करणाऱ्यांना’ हा पर्याय निवडला. शिमग्याला पळसाची फुले उकळून रंग करणाऱ्या घरातील मुले दुसरे काय निवडणार? उत्तर जगाच्या दृष्टीने खरे होते, उताऱ्याच्या दृष्टीने चूक होते. सरांनी रागावून काही सांगितले नाही. त्यांनी एकेका मुलाला उभे करून एवढेच विचारले, “उताऱ्यात कुठी लिवलं हाये ते बोट ठेवून दाखव.” बोट ठेवायला जागा सापडली नाही की मूल स्वतःच पर्याय बदलत असे. पऱ्हाटी (कपाशी), वावर, पाऊस, बैल यांच्यावरचा उतारा आमच्या मुलांना सोपा वाटतो, आणि नेमका तिथेच धोका जास्त असतो, कारण त्यांना आधीच पुष्कळ माहीत असते. अनोळखी विषयावरचा उतारा ती निमूटपणे वाचतात.

घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांना उताऱ्यातील प्रमाण मराठीही काही ठिकाणी अडते, आणि तिथे शब्दार्थांची यादी पाठ करून भागत नाही. ‘गावकरी या योजनेबाबत उदासीन राहिले’ या वाक्यातील ‘उदासीन’ शब्दाला माझ्या मुलीने ‘दुःखी’ हा पर्याय दिला होता, कारण तिला ‘उदास’ शब्द ठाऊक होता. योजना आली, सभा झाली आणि सभेला कोणीच गेले नाही, असे पुढच्याच वाक्यात लिहिले होते. दुःखी माणूस सभेला का जाणार नाही, असे सरांनी विचारल्यावर तिला अर्थ आपोआप सापडला. शब्दाचा अर्थ शेजारच्या वाक्यात शोधायची सवय मला या वर्गाची मोठी देणगी वाटते. ती आता वर्तमानपत्र वाचतानाही तसेच करते.

सरांच्या सगळ्याच युक्त्या चालल्या असे नाही. सुरुवातीला ते आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचायला सांगत होते. दहा वर्षांच्या मुलांनी पाच प्रश्न डोक्यात धरले की ती उतारा वाचत नाहीत, त्यात फक्त शब्द हुडकत फिरतात, आणि मग शीर्षकाचा किंवा तात्पर्याचा प्रश्न हमखास चुकतो. सप्टेंबरच्या मध्यावर सरांनी आपली पद्धत चुकल्याचे वर्गासमोर मान्य केले आणि आधी पूर्ण उतारा, मग प्रश्न, असा क्रम ठेवला. मुलांसमोर असे बोलणारे शिक्षक मला फारसे भेटलेले नाहीत.

भाषेचा भाग आधी सोडवावा की शेवटी, याबाबत मात्र माझे त्यांच्याशी मतभेद राहिले. पुस्तिकेत हा भाग शेवटी, ६१ ते ८० या क्रमांकांवर असतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत मुले आकृत्यांनी थकलेली असतात. सरांनी ऑक्टोबरमध्ये सर्वांना भाषेपासून सुरुवात करायला लावली. उताऱ्यांचे गुण वाढले हे खरे, परंतु तीन मुलांनी ६१ व्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या क्रमांकाच्या गोलात भरले. उत्तरपत्रिका निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच भरायची असते आणि एकदा भरलेला गोल बदलता येत नाही, त्यामुळे ही चूक पूर्ण पेपर बुडवू शकते. ज्या मुलाचा हात अशा कामात पक्का नाही, त्याने क्रमानेच जावे आणि आकृत्यांच्या भागातील वेळ काटेकोरपणे आवरावा, असे माझे मत आहे. माझ्या मुलीने तसेच केले.

उणिवांपैकी सर्वांत मोठी उणीव साहित्याची आहे. वर्गात वापरलेले गाईड हिंदीवरून घाईने मराठीत आणलेले होते. त्यातील कित्येक वाक्ये मराठी माणूस कधी बोलणार नाही अशी होती आणि उत्तरसूचीत चुका होत्या. एका रविवारी एकाच प्रश्नावर वीस मिनिटे वाद चालला आणि शेवटी सूचीच चुकीची निघाली. आकलनाचा सराव करताना उतारा स्वतःच अशुद्ध असेल, तर न कळण्याचा दोष मूल स्वतःकडे घेते, आणि हे मला फार लागले. झेरॉक्सही पुसट असत. टिनाच्या छपराखाली ढगाळ सकाळी शेवटच्या रांगेतील मुलांना ती वाचता येत नसत. एका सभागृहात चाळीसहून अधिक मुले बसत, त्यामुळे मागच्या मुलांकडे सरांचे लक्ष महिन्यातून एखाद्या वेळी जाई. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी मुले येत नव्हती, आणि त्यांचा बुडालेला भाग पुन्हा घेण्याची सोय नव्हती.

आणखी एक गोष्ट मला पटली नाही. दर सराव चाचणीनंतर सर्वांचे गुण नावानिशी भिंतीवर लावले जात. शेवटच्या पाच मुलांमध्ये दोन मुली होत्या. त्यांपैकी एक दिवाळीनंतर आलीच नाही. मी सरांना याबद्दल विचारले. ते म्हणाले, “ताई, यादी नाही लावली तर पालक म्हणतात सर काही तपासतच नाहीत.” त्यांची अडचण मला समजली, तरी नोव्हेंबरमध्ये आम्ही काही पालकांनी मिळून विनंती केल्यावर त्यांनी यादी बंद करून प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्यायला सुरुवात केली, आणि त्या चिठ्ठीवर गुणांसोबत कोणत्या प्रकारचे प्रश्न चुकले तेही लिहून दिले. ही चिठ्ठी जुलैपासून मिळाली असती तर घरी काय करून घ्यायचे ते आम्हाला कळले असते.

ज्या मुलाला अक्षरओळख पक्की आहे पण वाचायला फार वेळ लागतो, त्याच्यासाठी हा वर्ग मी निःसंकोचपणे सुचवीन. जोडाक्षरे अडणाऱ्या मुलाला इथे घड्याळाचीच भीती बसेल. त्याने आधी घरी वर्षभर गोष्टी वाचाव्यात. माझी मुलगी परीक्षेच्या दिवशी केंद्रातून बाहेर आली तेव्हा तिने चारही उतारे पूर्ण केले होते आणि एका अनुमानाच्या प्रश्नात दोन पर्यायांमध्ये अडकले, असे तिने सांगितले. दोन्ही पर्यायांची ओळ उताऱ्यात शोधली का, असे मी विचारले, तर ती म्हणाली, “एकाचीच सापडली, म्हणून तोच भरला.”

माझा पुतण्या यंदा चौथीत आहे आणि येत्या जुलैत त्याला मी याच वर्गात घालणार आहे. गाईड बदलण्याबाबत सरांशी माझे बोलणे झाले असून बालभारतीच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील पाठांवर स्वतः प्रश्न काढण्याची त्यांची तयारी आहे. मोठ्या मुलाची पाचवी ते सातवीची पुस्तके घरात बांधून ठेवलेली होती. ती गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे पोहोचवली.